‘ॲब्रँकिएट’ म्हणजे कल्ले नसलेला; पण कोणते कल्ले, आणि केव्हा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकून आता पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) इंग्रजीतून जीवशास्त्र घेतलेल्या खानापूरकडच्या एका विद्यार्थ्याला ‘ॲब्रँकिएट’ हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी भेटला. एका पुस्तकात साप, पक्षी आणि माणूस ॲब्रँकिएट आहेत. दुसऱ्यात गांडूळ आणि जळू. तिसऱ्यात एका समुद्री किड्याच्या वर्णनात ‘पुढचे काही खंड (अंगाची वलयं) ॲब्रँकिएट’ असं लिहिलंय. त्यात पाठ्यपुस्तक सांगतं की प्रत्येक कॉर्डेट (कणाधारी आणि त्यांचे जवळचे भाऊबंद) प्राण्याच्या घशाशी आयुष्यात कधी ना कधी कल्लाछिद्रं असतात. मग माणूस कल्ल्यांचा की बिनकल्ल्यांचा? बेडूक कुठं बसवायचा? आणि मराठीत या शब्दाला म्हणायचं काय?

तिन्ही पुस्तकं बरोबर आहेत. शब्दाचा अर्थ ‘ज्याला कल्ले नाहीत तो’ एवढाच आहे. तो प्राणी श्वास कशानं घेतो, पाण्यात राहतो की जमिनीवर, कुणाचा भाऊबंद आहे, यातलं काहीही हा शब्द सांगत नाही. त्यामुळं तो दिसला की तीन गोष्टी विचारायच्या: कोणत्या प्रकारचा कल्ला नाही म्हणताहेत, वयाच्या कोणत्या टप्प्यावर नाही, आणि कुणाशी तुलना करून म्हणताहेत. या तिन्हींचं उत्तर दिलं की वरचा गोंधळ उरत नाही.

आधी शब्द सोडवू. ग्रीकमध्ये ‘ब्रँखिआ’ म्हणजे माशाचे कल्ले. त्याच्या आधी नकाराचा ‘अ’ लागला, संस्कृतात ‘अचल’, ‘अमर’ यांना लागतो तसाच. उच्चार ‘ॲब्रँकिएट’, ‘च’ नव्हे, ‘क’. ‘ॲब्रँचिएट’ म्हणणारे बहुतेक जण मनातल्या मनात इंग्रजी ‘ब्रँच’शी, म्हणजे फांदीशी, त्याचं नातं जोडत असतात आणि मग ‘फांद्या नसलेला’ असा अर्थ लावून मोकळे होतात. दोन शब्दांचा काही संबंध नाही.

याहून जास्त घात करणारी तीन जुळी भावंडं आहेत. ब्रँकियल म्हणजे कल्ल्यांचं. ब्रॉन्कियल म्हणजे श्वासनळीच्या फाट्यांचं, ब्राँकायटिस त्यातलाच. आणि ब्रेकियल म्हणजे दंडाचं. रक्तदाब मोजताना पट्टा बांधतात तिथली धमनी ब्रेकियल. प्राण्यांच्या नावांतही हाच खेळ आहे. ब्रँकिओपोडा म्हणजे ‘कल्लेपाद’, पावसाळी डबक्यातले बारीक कवचधारी जीव. ब्रेकिओपोडा म्हणजे ‘भुजापाद’, शिंपल्यासारखे दिसणारे पण शिंपल्यांशी जवळचं नातं नसलेले समुद्री प्राणी. एका अक्षरानं संघ बदलतो. उत्तरपत्रिकेत गुण जातात ते बऱ्याचदा इथं.

आता मराठीचं. रोजच्या बोलण्यात कल्ला, कल्ले. शास्त्रीय परिभाषेत ‘क्लोम’. त्यावरून ‘क्लोमहीन’ हा शब्द तयार होतो आणि परीक्षेत, लेखात तो वापरायला हरकत नाही. ‘कल्लाहीन’ मात्र टाळा. मराठीत कल्ला म्हणजे आरडाओरडाही होतो, आणि शांत वर्गाचं वर्णन केल्यासारखं वाटतं. सामान्य वाचकासाठी ‘कल्ले नसलेला’ हे तीन शब्दही नाहीत. तेच सगळ्यात स्वच्छ. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांनी एक लक्षात ठेवावं: चरकानं उदकवह स्रोतसाचं (शरीरात पाणी वाहून नेणाऱ्या मार्गाचं) मूळ म्हणून तालूबरोबर सांगितलेलं ‘क्लोम’ हा शरीरातला वेगळाच अवयव आहे, तो नेमका कोणता यावर जुना वाद आहे, आणि त्याचा माशाच्या कल्ल्याशी संबंध नाही. परिभाषा घडवताना जुना शब्द नव्या कामाला जुंपला, एवढंच. शेजारच्या बाकावरचा कन्नड माध्यमातून आलेला मित्र याच अवयवाला ‘किविरु’ म्हणतो. बेळगाव, निपाणी, खानापूरच्या वर्गांत तीन भाषांतले तीन शब्द एकाच वेळी चालतात, तेव्हा वहीच्या मागच्या पानावर कल्ला, क्लोम, किविरु आणि गिल हे एका ओळीत लिहून ठेवावेत.

नसणं ओळखायचं तर असणं नीट पाहिलं पाहिजे. मासळी बाजारात गिऱ्हाईक मासा उचलून ‘कल्ला’ वर करून बघतं. वर केलं जातं ते खरं तर कल्ल्याचं झाकण, परिभाषेत प्रच्छद. त्याच्या आत लालभडक फणीसारखं दिसतं तो कल्ला. प्रत्येक कल्ल्याला हाडाची एक कमान. कमानीच्या तोंडाकडच्या बाजूला अन्न अडवणारे दातेरी काटे. बाहेरच्या बाजूला मऊ लाल तंतूंच्या दोन रांगा. आणि प्रत्येक तंतूवर भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अतिपातळ पाकळ्या. रक्त या पाकळ्यांतून पाण्याच्या उलट दिशेनं वाहतं, म्हणून पाण्यातला बराचसा ऑक्सिजन काढून घेता येतो. हाडाचा मासा घेतला तर अशा चार जोड्या झाकणाखाली मिळतात. मोरी (लहान शार्क) घेतली तर झाकण नाही, गळ्याच्या बाजूला सहसा पाच चिरा उघड्या दिसतात. झाकण, चीर, कमान आणि कल्ला या चार वेगळ्या वस्तू आहेत. पुढचा सगळा गोंधळ या चारांना एकच समजण्यातून होतो.

दुसरा नमुना स्वयंपाकघरात आहे. पावसाळ्यात भातशेताच्या बांधावर धरलेला खेकडा साफ करताना पाठीचं कवच उचकटलं की दोन्ही बाजूंना करड्या-पांढऱ्या, पिसांसारख्या मऊ बोटांच्या रांगा दिसतात. त्या काढून टाकतात. ते खेकड्याचे कल्ले. खेकडा तासन्‌तास पाण्याबाहेर फिरतो तो कवचाखालच्या खोबणीत ओल राखून. तेव्हा ‘जमिनीवर दिसला म्हणजे क्लोमहीन’ हा नियम पहिल्याच पावसात वाहून जातो. उलट, कृष्णेतली मगर, ओढ्यातला विरोळा, तळ्यातलं कासव आणि समुद्रातला डॉल्फिन आयुष्य पाण्यात काढूनही पक्के क्लोमहीन.

मग हा शब्द वर्गीकरणात आला कुठून? फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिये यानं 1817 साली वलयी कृमींची विभागणी करताना कल्ले कुठं आहेत हाच निकष धरला. नळीत राहणाऱ्यांचे कल्ले डोक्याकडं, दुसऱ्यांचे पाठीवर, आणि तिसऱ्यांना कल्लेच नाहीत. हा तिसरा गट म्हणजे त्याचे ‘आब्रांश’. गांडूळ आणि जळू त्यातले. पुस्तकातलं गांडुळाचं ॲब्रँकिएटपण थेट तिथून येतं. पाठीचा कणा असलेल्यांत हाच निकष दुसऱ्या वाटेनं आला. मासे आणि उभयचर यांना कधी तरी कल्ले असतात, सरीसृप, पक्षी आणि सस्तन यांना कधीच नसतात, म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांत कणाधारींचे सकल्ली आणि बिनकल्ली असे दोन भाग दिसतात. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ हक्सलीनं मासे-उभयचरांना एका मुठीत बांधून ‘इक्थिऑप्सिडा’ म्हटलं ते याच विचारानं.

आज दोन्हीकडं ‘ॲब्रँकिएटा’ हे गटाचं नाव म्हणून चालत नाही. नसलेल्या अवयवावरून गट बांधला की आगंतुक पाहुणे घुसतात: माणूस आणि गांडूळ दोघांनाही कल्ले नाहीत म्हणून ते नातेवाईक होत नाहीत. सरीसृप, पक्षी आणि सस्तनांचा संच मात्र खरा आहे, पण त्याची ओळख आता अंड्यातल्या किंवा गर्भाभोवतीच्या उल्ब या पडद्यावरून केली जाते आणि त्यांना उल्बी म्हणतात. संच तोच, निकष वेगळा. शब्द उरला तो साधं विशेषण म्हणून, आणि विशेषण म्हणून तो अजून कामाचा आहे.

उल्ब आणि कल्ले यांचा संबंधही योगायोगाचा नाही. बेडकाचं अंडं पाण्यात, कवच नाही. बाहेर पडणाऱ्या पिलाला ताबडतोब पाण्यातून ऑक्सिजन हवा. कोंबडीच्या अंड्यात ते काम कवचाला आतून चिकटलेला रक्तवाहिन्यांचा पडदा करतो, अपरापोषिका (ॲलँटॉइस) आणि बाहेरचा पडदा (कोरिऑन) मिळून झालेला. बारा-तेरा दिवसांचं उबवलेलं अंडं अंधारात विजेरीसमोर धरलं की लाल शिरांचं जाळं दिसतं ते हेच. पिलू फुप्फुसं तयार होईपर्यंत या पडद्यावर जगतं. मधे कल्ल्यांचा टप्पा लागतच नाही. आणि हवेत कल्ला घेऊन यायचं म्हटलं तरी जमत नाही. पाण्यात पाकळ्या तरंगत सुट्या राहतात, हवेत ओल्या पाकळ्या एकमेकींना चिकटून लगदा होतो आणि पृष्ठभाग संपतो. 25 अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, हवेत त्याच्या तीसपटीहून जास्त. तरीही मासा हवेत गुदमरतो तो यामुळं. कल्ला गेला की आणखी एक काम उघडं पडतं. माशाचा बराचसा अमोनिया कल्ल्यांतूनच पाण्यात जातो. बिनकल्ल्यांच्या कणाधारींना तो युरिया किंवा युरिक ॲसिड करून मूत्रपिंडांतून बाहेर टाकावा लागतो. म्हणजे ‘क्लोमहीन’ या एका शब्दामागं फुप्फुस, अंडं आणि मूत्रपिंड अशी तीन खाती बदललेली असतात.

आता मुख्य पेच. ‘कॉर्डेटला कल्लाछिद्रं असतात’ आणि ‘माणूस ॲब्रँकिएट आहे’ ही दोन वाक्यं एकत्र कशी नांदतात?

1825 साली जर्मन गर्भशास्त्रज्ञ राथ्के यानं सस्तनांच्या आणि पक्ष्यांच्या गर्भात गळ्याशी चिरांसारख्या खोबणी असल्याचं दाखवलं आणि माशाच्या चिरांशी साम्य बघून त्यांना कल्लाछिद्रं म्हणण्याचा प्रघात पडला. नाव चिकटलं, आणि घोटाळाही. माणसाच्या गर्भात चौथ्या आठवड्यात घशाच्या दोन्ही बाजूंना कमानी उठतात; दोन कमानींच्या मधे बाहेरून खोबण, आतून खिसा. माशात हे दोन्ही भेटून आरपार छिद्र होतं आणि कमानीवर लाल तंतू फुटतात. माणसात सहसा मधला पडदा फाटत नाही, आणि तंतू तर कधीच फुटत नाहीत. कमानी आहेत, खोबणी आहेत, पण कल्ला नाही. म्हणून हल्लीची पुस्तकं ‘ग्रसनी कमानी’ आणि ‘ग्रसनी खोबण’ म्हणतात. ग्रसनी म्हणजे घसा. हा बदल वापरण्यासारखा आहे. ‘माणसाच्या गर्भाला कल्ले असतात’ हे वाक्य शिक्षकांच्याही तोंडून ऐकू येतं; ते चूक आहे. गर्भशास्त्रज्ञ फॉन बेअरनं 1828 मध्येच बजावलं होतं की एका प्राण्याचा गर्भ दुसऱ्याच्या गर्भासारखा दिसतो, दुसऱ्याच्या प्रौढासारखा नव्हे. आपण गर्भात मासा होऊन येत नाही.

त्या कमानींचं होतं काय? पहिल्या कमानीतून खालचा जबडा आणि कानातली हातोडी व ऐरण. दुसरीतून रिकीब आणि जिभेखालच्या हाडाचा काही भाग. तिसऱ्या खिशातून छातीतली थायमस ग्रंथी आणि गळ्यातल्या खालच्या परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथी. चौथ्यातून वरच्या परावटू. पहिल्या बाहेरच्या खोबणीची कानाची नळी होते. कन्नडमध्ये कानाला ‘किवी’ म्हणतात आणि कल्ल्याला ‘किविरु’, हे लक्षात ठेवायला सोयीचं आहे, पुरावा म्हणून नव्हे. दुसऱ्या खोबणीचा भाग मिटायचा राहिला तर मानेच्या पुढच्या बाजूच्या तिरक्या स्नायूच्या कडेला गाठ किंवा बारीक छिद्र राहतं. डॉक्टर त्याला अजून ‘ब्रँकियल सिस्ट’ म्हणतात. रिपोर्टवर हा शब्द दिसला म्हणून छातीचा आजार समजू नये. तो ब्रॉन्कियल, हा ब्रँकियल.

बेडकाला सरळ ‘ॲब्रँकिएट’ म्हणता येत नाही. प्रौढ बेडकाला कल्ले नाहीत हे खरं, पण कणाधारींत हा शब्द संपूर्ण आयुष्याला लावायचा असतो. बेडकाच्या वाढीचे गोस्नरनं 1960 मध्ये 46 टप्पे पाडले, ते आजही वापरतात. विसाव्या टप्प्याच्या आसपास डोक्याच्या बाजूंना झिरमिळ्यांसारखे बाहेरचे कल्ले दिसतात; पंचविसाव्यापर्यंत त्यांवर कातडीची घडी चढून ते झाकले जातात आणि आतले कल्ले काम करू लागतात. पाणी बाहेर जायला एकच छिद्र उरतं. आपल्याकडच्या बहुतेक बेडकांच्या पिलांत ते डाव्या बाजूला असतं, मायक्रोहायला या इटुकल्या बेडकांच्या पिलांत पोटाखाली मध्यावर. बेचाळिसाव्याला पुढचे पाय बाहेर येतात, आणि त्या सुमाराला कल्ले विरघळतात. म्हणून शेपटीवालं पिलू बाटलीत बघून ‘कल्ले दिसत नाहीत, म्हणजे क्लोमहीन’ असं लिहिणं चूक: कल्ले आहेत, झाकलेले आहेत. आयुष्याच्या मधे कल्ले गळणाऱ्यांना ‘कॅड्युसिब्रँकिएट’ आणि ॲक्सोलॉटल या मेक्सिकोतल्या उभयचरासारख्या कायम ठेवणाऱ्यांना ‘पेरेनिब्रँकिएट’ असे जोडशब्द आहेत. मराठीत ‘कल्ले गळणारे’ आणि ‘कल्ले टिकवणारे’ म्हटलं तरी अर्थ पूर्ण पोचतो.

खानापूर तालुक्यातल्या चोर्ला, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात या नियमाची परीक्षा घेणारे प्राणी पायाखाली आहेत. या भागातले झुडपी बेडूक, उदाहरणार्थ आंबोलीचं नाव मिळालेला स्यूडोफिलॉटस, ज्या गटातले आहेत त्यात पोहणारं पिलूच नसतं. ओलसर जागेतल्या अंड्यातून चार पायांचा इवला बेडूक निघतो. पाण्यात कल्ले घेऊन पोहण्याचा टप्पा इथं गळालाच आहे. तरी त्याला कुणी ॲब्रँकिएट कणाधारींत टाकत नाही, कारण तो उभयचरांच्या घरातला आणि त्याचं अंडं उल्बाविना. इथं शब्द कमी पडतो आणि वंशावळ कामाला येते.

दुसरा प्राणी देवगांडूळ. पाय नाहीत, अंगावर वलयं, आणि मातीत राहणारा. म्हणून लोक त्याला गांडूळ किंवा साप समजतात, पण तो उभयचर आहे. जेजेनिओफिस म्हादेईएन्सिस ही जात 2007 साली खानापूर तालुक्यातल्या चोर्ल्याहूनच शास्त्रात नोंदली गेली. सह्याद्रीतल्याच इक्थिओफिस या त्याच्या भाऊबंदात मादी ओल्या मातीत अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते. अंड्यातल्या गर्भाला पिसांसारख्या कल्ल्यांच्या तीन जोड्या असतात, आणि अंड्याबाहेर पडता पडता त्या गळतात. पाण्यात पोचलेल्या पिलाच्या मानेला दोन्ही बाजूंना एकेक छिद्र राहतं. कल्ला अंड्यात संपला, छिद्र मागं राहिलं: वर म्हटलेल्या चार वस्तू वेगळ्या का धरायच्या, ते इथं स्पष्ट दिसतं. हे प्राणी जागेवर बघून सोडून द्यायचे; भीमगड अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीच उचलायचं नाही.

आता कृमी. इथं शब्द आजही रोज वापरात आहे आणि चुकाही रोज होतात.

शेतातलं गांडूळ ओल्या कातडीतून श्वास घेतं. कातडीखाली केशवाहिन्यांचं दाट जाळं, आणि हिमोग्लोबिन पेशींत नव्हे, रक्तद्रवातच विरघळलेलं. कातडी वाळली की ते गुदमरतं. प्रयोगशाळेत गांडूळ कोरड्या कागदावर ठेवून ‘सुस्त झालं’ म्हणणारे त्याचा श्वास बंद करत असतात. पावसाळ्यात जांबोटीच्या रानात पायाला चिकटणारी जमिनीवरची जळूही तशीच, कातडीवर जगणारी. पण ‘गांडूळवर्गीय म्हणजे क्लोमहीन’ असं सरसकट लिहू नका. कासवांवर जगणाऱ्या ओझोब्रँकस जळवांना अंगाच्या दोन्ही बाजूंना फांदीदार कल्ले असतात. डेरो नावाच्या बारीक पाणकृमीला शेपटीच्या टोकाशी, गुदाभोवती, बोटांसारखे कल्ले असतात. आणि ब्रँकियुरा सोवर्बी.

हा शेवटचा बघण्यासारखा आहे. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ बेडर्डनं 1892 मध्ये त्याचं वर्णन केलं ते लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या राक्षसी कमळाच्या हौदातून मिळालेल्या नमुन्यांवर. उष्ण देशांतल्या झाडांबरोबर तो तिथं पोचला होता. आपल्याकडच्या तळ्यांच्या आणि पाणी साचलेल्या खाचरांच्या चिखलात शोधण्यासारखा तो प्राणी आहे. डोकं चिखलात, शेपूट वर पाण्यात. शेपटीच्या भागात पाठीच्या मध्यावर एक आणि पोटाच्या मध्यावर एक अशा मऊ तंतूंच्या दोन ओळी असतात आणि त्या सतत हलत असतात. याच चिखलात ट्युबिफेक्सही असतो, मत्स्यालयाच्या दुकानात माशांना घालतात तो लाल किडा. तोही डोकं खाली खुपसून शेपूट हलवतो, पण त्याला कल्ले नाहीत. लांबून दोन्ही सारखे. एक क्लोमधारी, एक क्लोमहीन.

ओळख पक्की करायची तर अशी. चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून त्याच जागेच्या पाण्यानं गाळायचा. नळाचं क्लोरीनचं पाणी घेतलं तर किडे आखडतात. पांढऱ्या ताटलीत दोन बोटं पाणी घेऊन किडे पंधरा-वीस मिनिटं सावलीत निवांत ठेवायचे. मग दहापट भिंगानं जिवंत असतानाच शेपूट बघायचं आणि तिथल्या तिथं नोंद करायची. जतन करायचं असेल तर आधी बधिर करा: पाण्यात थेंबथेंब अल्कोहोल घालत अर्ध्या तासात प्रमाण पाच ते दहा टक्क्यांवर न्या. हालचाल पूर्ण थांबली की फॉर्मॅलिन. बाजारातलं फॉर्मॅलिन म्हणजे 37 ते 40 टक्के फॉर्मॅल्डिहाइड. त्याचा 1 भाग आणि पाण्याचे 9 भाग घेतले की ‘10 टक्के फॉर्मॅलिन’ होतं, ज्यात फॉर्मॅल्डिहाइड सुमारे 4 टक्के असतं. या दोन टक्केवाऱ्या उलटसुलट झाल्या की नमुना कडक होतो किंवा सडतो. हातमोजे घालून, खिडकीशी, एक दिवस ठेवा; मग धुऊन 70 टक्के अल्कोहोलमध्ये. जिवंत किडा थेट अल्कोहोलमध्ये टाकला तर तो आकसतो, कल्ल्यांची नुसती गाठोळी उरते, किंवा तंतू तुटून तळाला पडतात. मग वर्षभरानं कुणी बाटली उघडतं आणि चिठ्ठीवर ‘ॲब्रँकिएट’ लिहितं. बाटलीच्या तळाचा गाळ फेकण्याआधी भिंगाखाली बघावा. कल्ले तिथं पडलेले असू शकतात.

समुद्री कृमींच्या वर्णनात हा शब्द संपूर्ण प्राण्याला नव्हे, शरीराच्या एखाद्या भागाला लावतात. कारवारच्या काळी नदीच्या मुखाशी चिखलात मिळणाऱ्या मार्फिसासारख्या किड्यात कल्ले पहिल्या खंडापासून नसतात, काही खंडांनंतर सुरू होतात. ‘पुढचे खंड ॲब्रँकिएट’ म्हणजे एवढंच. तिसऱ्या पुस्तकाचा उलगडा हा. कोणत्या खंडापासून कल्ले सुरू होतात हे जात ओळखायला महत्त्वाचं, पण लहान पिलात ते उशिरा फुटतात आणि संख्येनं कमी असतात, म्हणून किड्याची लांबी आणि खंडांची संख्या लिहिल्याशिवाय ही नोंद निरुपयोगी. टेरेबेलिड या समुद्री कृमींच्या गटात कल्ले असलेच तर सहसा दुसऱ्या ते चौथ्या खंडावर असतात आणि धक्क्यानं गळतात. तिथं व्रण दिसला तर ‘कल्ले गळालेले’ असं लिहायचं. त्यांच्याच जवळच्या पॉलिसिरसला मात्र खरोखरच कल्ले नसतात, आणि त्या जागी व्रणही नसतो.

गोगलगायींत फसवणूक वेगळी. तळ्यातली मोठी झाकणवाली पायला उजव्या बाजूला खरा कल्ला आणि डाव्या बाजूला फुप्फुसाची पिशवी, दोन्ही बाळगते. ती क्लोमहीन नाही. बागा फस्त करणारी आफ्रिकन गोगलगाय फुप्फुसावरच जगते, ती क्लोमहीन. पाण्यातली चपटी, चकलीसारखी गुंडाळलेली इंडोप्लॅनॉर्बिस मूळची फुप्फुसवाली, पण पाण्यात परत गेल्यावर तिनं कातडीची घडी काढून नवा कल्ल्यासारखा भाग बनवलाय. त्याला ‘खोटा कल्ला’ म्हणतात. जुना वारशाचा कल्ला नाही या अर्थानं ती क्लोमहीन, पाण्यातून श्वास घेणारा भाग आहे या अर्थानं नाही. ‘कोणता कल्ला?’ हा प्रश्न इथं टाळताच येत नाही.

किडे-कीटकांवर फार वेळ घालवत नाही, दोनच सापळे सांगतो. चतुराच्या पाण्यातल्या पिलाला बाहेरून कल्ले दिसत नाहीत, कारण ते गुदाशयात आत आहेत. डासाच्या अळीच्या शेपटीजवळ चार बोटं दिसतात, त्यांना जुनी पुस्तकं कल्ले म्हणत. ती मुख्यतः क्षार शोषायची, श्वास ती पाण्याच्या पृष्ठभागावर नळी लावून घेते. एकात कल्ले असून दिसत नाहीत, दुसऱ्यात दिसतात ते कल्ले नाहीत.

नावावर विसंबण्याचा शेवटचा धोका ‘ब्रँकियुरा’ याच शब्दात आहे. वरचा कल्लेवाला कृमी ब्रँकियुरा, आणि शेततळ्यातल्या कटला-रोहूच्या अंगावर चिकटणारी माशाची ऊ ज्या गटातली, त्या कवचधारी गटाचंही नाव ब्रँकियुरा. नावाचा अर्थ ‘कल्लेशेपट्या’. कृमीला तो चपखल बसतो, उवेला मात्र कल्ले नाहीतच. तसंच ‘ब्रँकिओब्डेला’: नावात कल्ला आहे तो या कृमीचा नव्हे, तो ज्या कवचधारींच्या अंगावर आणि कल्ल्यांवर राहतो त्यांचा. उलट ‘न्यूडिब्रँक’ म्हणजे उघड्या कल्ल्यांचा, ‘इलॅस्मोब्रँक’ म्हणजे पट्टीसारख्या कल्ल्यांचा (मोरी, वागळी), ‘लॅमेलिब्रँक’ म्हणजे पानासारख्या कल्ल्यांचा (शिंपले). ही नावं त्या प्राण्यांना नीट लागू पडतात.

परीक्षेत व्याख्या विचारली तर असं लिहावं: ‘ज्या प्राण्यात किंवा शरीराच्या ज्या भागात कल्ले नसतात तो क्लोमहीन, कणाधारींत हा शब्द जीवनाच्या कोणत्याही अवस्थेत कार्यक्षम कल्ले नसणाऱ्या सरीसृप, पक्षी आणि सस्तनांसाठी वापरला जातो, त्यांच्या गर्भात ग्रसनी कमानी असतात, पण त्यांवर कल्ले तयार होत नाहीत.’ बेडकाबद्दल ‘प्रौढावस्थेत कल्ले नसतात’ एवढं लिहावं, ‘क्लोमहीन’ लिहू नये. आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर नुसतं ‘ॲब्रँकिएट’ न लिहिता जिवंत पाहिला की जतन केलेला, लांबी किती, कोणते खंड तपासले, व्रण होते का, हे चार तपशील जोडावेत.